एकेचाळीस बॅगा

चिरंजीवांचा फोन आला की तिकीटबाई ‘हॅलो’ म्हणायच्या फंदातच पडत नसत. चष्मा नाकावर चढवायचा, मेसेज उघडायचा आणि सहा आकडे वाचून दाखवायचे. पलीकडून “हां, झालं” असं यायचं आणि फोन बंद. जेवलीस का, गुडघा कसा आहे, काही म्हणता काही नाही. एकुलता एक मुलगा, बेचाळीस वर्षांचा घोडा, आणि आईशी बोलणं काय, तर ओटीपी!

तिकीटबाई हे नाव कामावरून पडलेलं. एकतीस वर्षं बस डेपोच्या आरक्षण खिडकीत बसून बाईंनी लोकांना गावोगाव पाठवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी इमारतीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी चिरंजीव लॅपटॉप बगलेत मारून आले होते. त्यांना नवा नाद लागला होता. क्रेडिट कार्ड घ्यायचं, त्यावर पॉइंट जमवायचे आणि त्या पॉइंटांवर फुकट विमानप्रवास करायचा. नवीन कार्डाला बँक सुरुवातीलाच घसघशीत पॉइंट देते म्हणे. स्वतःच्या नावावरची कार्डं घेऊन झाली, सूनबाईंच्या नावावरची झाली, आता राहिली आई.

“तुला काही करायचं नाही आई. इथे सही कर आणि फोन जवळ ठेव.”

“आणि मला काय त्याचं?”

“तुला मावशीकडे पाठवतो ना! विमानाने. पुढच्या रुंद खुर्चीत, पाय पसरून.”

मावशी म्हणजे बाईंची धाकटी बहीण. ती राहायची दूर, बसने दीड दिवस. बाईंच्या गुडघ्यांना आता ते झेपत नव्हतं. चार वर्षं दोघींची भेट नव्हती. बाईंनी सही ठोकली. पासवर्डसुद्धा चिरंजीवांनी स्वतःच्या हाताने आईच्या डायरीत लिहून ठेवला, “विसरशील तू” म्हणून.

मग काय, सुरू झाले उद्योग. चिरंजीवांचं घरभाडं आईच्या कार्डावर. ऑफिसातल्या वीस जणांचं जेवणाचं बिल आईच्या कार्डावर, आणि त्या वीस जणांकडून रोख वसुली. दुकानांची व्हाउचरं कार्डावर घ्यायची, ती मित्रांना विकायची. ह्याला ते ‘शॉर्टकट’ म्हणत. शॉर्टकट कसला, महिन्यातले चार रविवार त्यात जात होते. बिल मात्र वेळेवर भरत, तेवढं खरं. पॉइंट फुगत गेले. लाख झाले, दोन लाख झाले, आणि बाई वाट बघत बसल्या.

मध्ये एकदा त्या म्हणाल्यासुद्धा, “अरे, पेन्शन येते मला. मी आपली साधं तिकीट काढून जाऊन येते.”

चिरंजीव असे दचकले जसं काही आईने गॅस उघडा ठेवलाय. “पैसे देऊन? आई, पैसे देऊन विमानात बसणारे मूर्ख असतात! जरा दम धर, भाव चांगला आला की काढतो.”

बाईंनी दम धरला. इथेच चुकलं. खिडकीत बसून ज्यांनी हजारो लोकांना बजावलं होतं की हातात पक्कं तिकीट असल्याशिवाय घरातून निघू नका, त्याच बाई मुलाच्या तोंडी शब्दावर विसंबून राहिल्या. मुलगाच तो, त्याच्याकडे पावती कोण मागणार?

मग धाकटी आजारी पडली. आधी नुसतं पोट दुखतंय म्हणत होती, मग दवाखाना झाला, मग मोठा दवाखाना. बाईंनी चिरंजीवांना फोन लावला. या वेळी त्यांनी लावला, हं.

“आई, नेमकं आत्ता नको. पुढच्या महिन्यात बँक ऑफर आणतेय. पॉइंट विमान कंपनीकडे वळवले की तीस टक्के जादा. आत्ता काढलं तर सरळसरळ नुकसान आहे.”

“तिची तब्येत बरी नाही रे.”

“डॉक्टर बघतायत ना? तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे.”

धाकटी रोज विचारायची, “ताई, कधी येतेस?” बाई सांगायच्या, “पॉइंट पिकायचेत अजून.” धाकटी हसायची. “पिकू देत,” म्हणायची, “मी कुठे पळून जातेय?”

धाकटी गेली. तिच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा बाई कपडे वाळत घालत होत्या. ओला टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून त्या कोपऱ्यावरच्या प्रवास एजंटाकडे गेल्या आणि कपाटातले पैसे त्याच्या टेबलावर ठेवले. अर्ध्या तासात तिकीट हातात पडलं. अर्ध्या तासात! इतकं सोपं होतं ते. त्या पोचल्या तेव्हा तोंड बघण्यापुरत्या पोचल्या. धाकटीचा नवरा म्हणाला, “दारात कोणी आलं की मान वळवून बघायची, ताई. तुम्हीच आलात असं वाटायचं तिला.”

हे ऐकल्यावर बाईंना रडू यायला हवं होतं. आलं नाही. छातीत नुसता जाळ झाला.

परत आल्यावर चिरंजीवांचा फोन आला. पहिल्यांदाच ओटीपीशिवाय. “वाईट झालं गं,” ते म्हणाले. मग जरा थांबून, समजूत घालायच्या सुरात, “पण एका परीने पॉइंट वाचले बघ. आता ऑफरही लागलीये. आम्ही दोघं लग्नाच्या वाढदिवसाला परदेशी जाऊन येतो. परतीच्या जागा खुल्या झाल्या की एका दमात पॉइंट वळवायचे, तेव्हा ओटीपी लागेल. फोन चार्ज करून ठेव.”

“ठेवते,” बाई म्हणाल्या.

पॉइंट वाचले! ह्याच्या जिभेला हाड नाही ते नाही, काळीजही नाही? बाई दोन दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या घालत राहिल्या. शिव्या सगळ्या मनातल्या मनात देऊन झाल्या. मग लक्षात आलं, की शिव्यांनी ह्याचं काही वाकडं होणार नाही. ह्याला जिथे लागतं तिथेच मारायला हवं.

त्यांनी बँकेच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

“हे पॉइंट नक्की कोणाचे, गं बाई?”

“तुमचेच मॅडम. कार्ड तुमच्या नावावर आहे.”

“कितीयेत?”

“चार लाख सहा हजार. विमान कंपनीकडे वळवलेत तर आत्ता जादाही मिळतील.”

“आणि सगळ्यात वाईट भाव कशात मिळतो?”

मुलगी गडबडली. “वाईट? मॅडम, भेटवस्तूंच्या यादीत वस्तू घेऊ नका, एवढंच सांगेन. त्यात फार नुकसान होतं. प्रवासी बॅगा तर बाजारात पाचपट स्वस्त मिळतात.”

“देव तुझं भलं करो,” बाई म्हणाल्या.

संगणकाची त्यांना भीती नव्हती. खिडकीतली शेवटची बारा वर्षं त्यावरच गेली होती. डायरीतून चिरंजीवांच्या अक्षरातला पासवर्ड काढला. चाकांची बॅग, मध्यम आकार, रंग निळा, एका बॅगेला नऊ हजार नऊशे पॉइंट. एका वेळी पाचच घेता येत होत्या. म्हणून बाईंनी नऊ वेळा मागवल्या. नऊ वेळा ओटीपी आला आणि नऊही वेळा त्यांनी तो स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवला. एकेचाळीस बॅगा. खाली शंभर पॉइंट उरले. पत्त्याच्या जागी चिरंजीवांचा पत्ता, तिसरा मजला, लिफ्टशेजारी. मग आल्याचा चहा करून त्या सावकाश प्यायल्या. असा चहा महिन्याभरात लागला नव्हता.

पाचव्या दिवशी दाराची बेल एकसारखी वाजली. दारात चिरंजीव. आठ महिन्यांनी आईचं घर दिसलं त्यांना! घामाघूम झालेले, शर्टाचं एक टोक बाहेर.

“आई, हे काय करून बसलीस तू? जिन्यात चालायला जागा नाही! कंपनी म्हणते परत घेत नाही!”

“कशाला परत करायच्या? प्रवासाला लागतात बॅगा.”

“अगं, भाव बघितलास का? दोन जणांची परदेशवारी होत होती त्यात, पुढच्या खुर्च्यांतून! दोन वर्षं राबलो मी. एकेक पॉइंट... आणि तू बॅगा घेतल्यास? निदान मिक्सर तरी घ्यायचास, त्याला जरा तरी बरा भाव होता!” त्यांचा आवाज चिरकला. डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं होतं.

बाईंनी ते पाणी नीट बघून घेतलं. मावशी गेली तेव्हा ते आलं नव्हतं.

“मुद्दाम केलंस तू,” चिरंजीव म्हणाले.

“हो. मुद्दाम केलं. भाव शोधून शोधून केलं.”

“मावशीसाठी? पण त्याने ती परत येणार आहे का?”

“नाही येणार,” बाई म्हणाल्या. “मला एक सांग, मावशी कुठल्या वारी गेली?”

 चिरंजीव बोटांवर काहीतरी मोजू लागले. “ऑफर लागली शुक्रवारी... त्याच्या आधी... म्हणजे...”

“बुधवारी,” बाई म्हणाल्या. “दुपारी सव्वाचारला. आता जा, जिना मोकळा कर. शेजारी ओरडत असतील.”

आणि त्यांनी दार लावून घेतलं. चिरंजीव बराच वेळ बाहेर उभे होते, मग पावलं खाली उतरत गेली. आता फोन येणार नाही, ओटीपीसाठीसुद्धा नाही, हे बाईंना कळत होतं. त्या ते धरूनच चालल्या होत्या. वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. चांगलं वाटलं, अगदी पोटभर.

खुर्चीत बसल्यावर डोळ्यांपुढे जिना आला. एकेचाळीस निळ्या बॅगा, त्यांच्या मधून वाट काढणारी सूनबाई, आणि मिक्सरचा भाव सांगत रडणारे चिरंजीव. बाईंना हसू फुटलं, आवरेना. हसता हसता त्यांनी फोन उचलला आणि सवयीने धाकटीचा नंबर लावला. घंटा वाजायला लागल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, आणि मग त्या रडल्या.