अक्केमेच्या सभागृहात न वाजलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे आणि माझा स्वभाव हेवेखोर आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. घंटा जन्माला येते ती लोकांनी ऐकावे म्हणून. दुसऱ्या कोणाच्या आवाजाला लोक कान देऊ लागले, की तिच्या पोटात दुखू लागते.

माझा जन्म कॅस्पियन समुद्राच्या काठी, बोटी दुरुस्त करण्याच्या गोदीत झाला. ओतणाऱ्याने मला साच्यातून काढले, घासूनपुसून साफ केले आणि एक टोला दिला. "हिचा गळा चांगला आहे," असे तो म्हणाला. ती माझी पहिली शाबासकी. मग मला मासे गोळा करणाऱ्या एका बोटीवर टांगले. धुके दाटले की बाकीच्या बोटी माझ्या आवाजाच्या रोखाने घरी येत. किनाऱ्यावर बायका शाली गुंडाळून उभ्या राहत आणि मी वाजले की एकमेकींना म्हणत, "आले गं, आले."

पुढे मासा कमी झाला, पाणीही किनारा सोडून मागे सरले. बोट मोडीत निघाली. मला मात्र कोणीतरी लाकडी मूठ बसवली आणि अक्केमे गावाच्या परिषदेत अध्यक्षांच्या मेजावर आणून ठेवले. वक्ता फार वेळ बोलला, सभासद हमरीतुमरीवर आले, की अध्यक्ष मला वाजवत आणि सगळे गप्प होत. समुद्रावर मी लोकांना बोलावत असे. इथे मी त्यांना थांबवू लागले. खरे सांगू? थांबवण्यात जास्त मजा होती.

अध्यक्ष पुष्कळ झाले, पण माझे माणूस म्हणावे असे एकच, बालसुलू. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, उंच, काटक बाई. लोक तिला आदराने बालसुलू आपा म्हणत. ती मला ताकाच्या निवळीने घासून लख्ख ठेवी. तिने मला वाजवले, की मला धुक्यातली बोट आठवे.

आमच्या किनाऱ्याखाली तेल सापडले. परदेशी कंपनी आली, कुंपणे उभी राहिली, रात्री दूरवर ज्वाळा दिसू लागल्या. बालसुलू तेव्हा साधी सभासद होती. तिने एका बैठकीत विचारले, "कंपनी आपल्या किनाऱ्याखालचं तेल नेते. त्याबद्दल कर, भाडं, हिस्सा म्हणून सरकारला किती देते, हे तिनं जाहीर का करू नये?" कोणीतरी जांभई दिली. कोणीतरी म्हणाले, "आपा, चहा गार होतोय." ती पुढच्या वर्षी पुन्हा बोलली. त्याच्या पुढच्या वर्षीही. तिचा हा विषय निघाला की सभासद खिशातून वाळल्या दह्याच्या गोळ्या काढून चघळत बसत.

त्या पहिल्या बैठकीत तिची बालमैत्रीण काम्शात शेजारीच बसली होती. दोघी एकाच बोटीवरच्या खलाशांच्या मुली. दोघींनी एका बाकावर शिक्षण घेतले होते. काम्शात पुढे राजधानीत गेली, निवडून आली, संसदेची सभासद झाली. बालसुलू अक्केमेतच राहिली आणि अध्यक्ष झाली.

आणि मग, मित्रांनो, माझे वाईट दिवस आले. तेल कंपनीने परिषदेला मायक्रोफोन भेट दिले. प्रत्येक सभासदापुढे एक काळी दांडी, तिच्या टोकाला लाल दिवा. अध्यक्षांनी बटण दाबले की समोरच्याचा आवाज बंद. सभागृहाच्या दारावर चकचकीत पाटी लागली, तिच्यावर कंपनीचे नाव, भेटीचे वर्णन, पंधरा मायक्रोफोन आणि त्यांची किंमतसुद्धा. लोक त्या दांड्यांना हात लावून पाहत आणि "एक, दोन, तीन" म्हणून हसत. माझ्याकडे कोणी बघेना. मी मेजावर बसून त्या लाल दिव्यांवर जळत असे.

त्याच वसंत ऋतूत बातमी आली, की राजधानीत एका कायद्याचा मसुदा तयार होत आहे. परदेशी तेल कंपन्यांनी सरकारला दिलेला पैसा जाहीर करावा, असा तो कायदा. तेलाच्या प्रत्येक भागातल्या परिषदेने त्यावर आपले मत कळवायचे होते. मसुदा मांडणारी होती काम्शात. वर्तमानपत्रे त्याला 'काम्शातचा कायदा' म्हणू लागली होती.

बैठकीच्या दिवशी काम्शात स्वतः आली. बरोबर दोन कॅमेरावाले. बैठकीआधी दोघी मैत्रिणी अध्यक्षांच्या मेजाशी दुधाचा चहा पीत बसल्या. मी तिथेच होते.

"तोंड का पाडलंयस?" काम्शातने विचारले. "तुझ्याच मनातलं घेऊन आलेय ना मी?"

"तेच तर," बालसुलू म्हणाली. "माझ्या मनातलं आहे. आणि तू घेऊन आलीस."

"अगं, तू बोलत होतीस ते खरं. पण कुणाशी? या भिंतींशी. मी संसदेत बोलले."

"भिंतींनी निदान माझं नाव पुसलं नसतं."

काम्शात हसली. बालसुलू हसली नाही. तिने मसुदा हातात घेतला, वाचता वाचता एका ओळीवर तिचे बोट थांबले. मग तिने कागद मुकाट्याने खाली ठेवला. त्या ओळीत लिहिले होते, की कंपन्यांनी सगळ्या देशात मिळून दिलेल्या पैशाचा एकच आकडा जाहीर करायचा. कोणत्या तेलक्षेत्रातून किती, हे सांगायचे नाही. म्हणजे अक्केमेचे किती, ते अक्केमेला कळणारच नव्हते. बालसुलूला ही खोट दिसली. लाडक्या मैत्रिणीच्या नव्या झग्याला मागे भोक आहे हे दिसावे आणि आपण गप्प राहावे, तशी ती गप्प राहिली.

काम्शात चूळ भरायला बाहेर गेली तेव्हा कैरोल्ला आत आला. तो कंपनीचा वकील, पण पोरगा इथलाच, बालसुलूचा विद्यार्थी.

"आपा, एक सुचवू?" तो हळूच म्हणाला. "आज निर्णय कशाला? घंटा वाजवा, पुढच्या बैठकीवर ढकला. तोवर या बाई राजधानीत परत. मग तुमच्या नावानं ठराव आणा. हक्क तुमचाच आहे, सगळ्या गावाला माहीत आहे."

"तुला माझी एवढी काळजी कधीपासून रे?"

"तुमच्याच हाताखाली शिकलोय, आपा."

बालसुलूचा हात माझ्या मुठीवर आला. मी आनंदले. आज मी वाजणार होते. कॅमेऱ्यांसमोर, त्या सगळ्या काळ्या दांड्यांच्या उरावर.

सभागृह भरले. कैरोल्ला आधी बोलला आणि चांगला बोलला. "आमच्या कंपनीनं पत्ते उघडे टाकायचे आणि बाकीच्यांनी झाकून खेळायचं, हा कुठला डाव? आम्ही काय देतो ते कळलं की दुसऱ्या देशातले लोक तेवढंच मागणार. करारात गुप्ततेचं वचन दिलंय, ते मोडायचं? आमची कंपनी जिथून आली, तिथंही असा नियम नाही."

"मग तिथंच तेल काढा," काम्शात म्हणाली. सभागृह खदखदून हसले. तिने पुढे शांतपणे सांगितले, "इथे जी कोणी कंपनी तेल काढेल, तिला हा नियम लागू. सगळ्यांचेच पत्ते उघडे. आणि वचनाचं म्हणाल, तर घरमालकाच्या माघारी भाडेकरू आणि दिवाणजी यांनी एकमेकांना दिलेलं वचन मालकानं का पाळावं?"

टाळ्या पडल्या. कॅमेरे तिच्याकडे वळले. बालसुलूचा चेहरा मला खालून दिसत होता. ती टाळ्या वाजवत नव्हती.

तेव्हा कैरोल्ला दोन पावले मागे सरला. "ठीक आहे," तो म्हणाला. "सगळ्या देशाचा मिळून एकच आकडा असेल, तर आमची फार हरकत नाही. मत घ्यायचं तर घ्या. नाहीतर पुढच्या बैठकीवर टाका. अध्यक्ष म्हणतील तसं."

बालसुलूने मला उचलले. माझ्या पोटातला लोलक हलला, पण कडेला टेकला नाही. सभागृह थांबले. कैरोल्लाने तिच्याकडे बघून मान किंचित हलवली, शहाण्या विद्यार्थ्याकडे पाहून गुरुजी हलवतात तशी. तिने ती मान पाहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि तिने मला अलगद मेजावर ठेवून दिले.

ती उभी राहिली. मायक्रोफोनही तिने बाजूला सारला.

"कैरोल्ला, तू दारातून आलास तेव्हा पाटी वाचलीस का?"

"कोणती, आपा?"

"मायक्रोफोनची. पंधरा दांड्या दिल्या, तर तुम्ही दारावर पाटी लावता. किती दिल्या, कोणाला दिल्या, केवढ्याच्या दिल्या, सगळं लिहिता. देशभरात मिळून अमुक भेटी दिल्या असं मोघम नाही लिहीत. मग अक्केमेच्या जमिनीतून नेलेल्या तेलाचं काय दिलंत, तेही अक्केमेच्या नावानं लिहा. मसुद्यात घाला. प्रत्येक तेलक्षेत्राचा आकडा वेगळा."

मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या आणि पुढे येत गेल्या. या वेळी पडला तो काम्शातचा चेहरा.

"बालसुलू, हे ऐन वेळी नको," ती म्हणाली. "असं कलम घातलं तर राजधानीत मसुदा अडकेल. माझी मेहनत पाण्यात जाईल."

"अडकला तर सोडव. त्यासाठीच तुला तिकडं पाठवलंय."

"तुला माझं बरं झालेलं बघवत नाही."

"नाही बघवत," बालसुलू म्हणाली. "पण बंदर गाळानं भरलंय, आणि डागडुजीला पैसे नाहीत असं दरवर्षी सांगतात. ते खरं की खोटं, हे तुझ्या एका आकड्यातून कळणार नाही. तूच सांग, कळेल का?"

काम्शात मसुद्याकडे पाहत म्हणाली, "नाही कळणार."

हात वर झाले. कैरोल्लाच्या बाजूचे थोडे सोडले, तर सगळ्यांचे. नवे कलम घालून मत राजधानीला गेले.

आणि मी? मी वाजलेच नाही. अक्केमेच्या सभागृहातला सगळ्यात मोठा दिवस माझ्याशिवाय पार पडला. त्या दिवशी मला मायक्रोफोनचा हेवा वाटला नाही. बालसुलूच्या गळ्याचा वाटला.

पुढच्या हिवाळ्यात कायदा झाला. कलम राहिले. वर्तमानपत्रात काम्शातचे मोठे छायाचित्र आले. बालसुलूचे नाव कुठेच नव्हते. काही दिवसांनी काम्शात गावी आली ती थेट सभागृहात, एकटीच.

"तुझ्या कलमासाठी मी तिकडं वाघिणीसारखी भांडले," ती म्हणाली. "तीनदा काढलं त्यांनी, तीनदा मी घालून घेतलं."

"ऐकलं मी."

"तुझं नाव नाही घेतलं कुठं. आठवण होती. घ्यावंसं वाटलं नाही."

बालसुलूने तिच्यापुढे चहाची वाटी सरकवली. "माहीत आहे. तुझ्या जागी असते तर मीही घेतलं नसतं."

मग दोघी हसल्या. बराच वेळ हसल्या. मला त्या हसण्याचाही हेवा वाटला, मित्रांनो. घंटेला मैत्रीण नसते.

आता बालसुलू आपा परिषदेत नाही. नव्या अध्यक्षांनी मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आहे. मला कोणी घासत नाही, मी हिरवट पडले आहे. तिथून मला बाहेरचा फळा दिसतो. त्यावर दर वसंतात आमच्या तेलक्षेत्राचा आकडा लावतात. पहिल्या वर्षी त्याच्यापुढे गर्दी उसळली. म्हाताऱ्यांनी चष्मे पुसले, पोरांनी आयांना मोठ्याने वाचून दाखवले. बंदर आधी की शाळेचे छप्पर, यावरून भर रस्त्यात भांडणे जुंपली. त्या वर्षी गाळ उपसला. दुसऱ्या वर्षी गर्दी थोडी कमी होती. यंदा लोक चालता चालता मान वळवतात आणि पुढे जातात.

लोकांनी माझ्याकडे पाहणे कसे सोडले, ते मला चांगले ठाऊक आहे. एका दिवसात सोडत नाहीत. आधी कौतुक, मग सवय, मग धूळ. म्हणून माझी एक विनंती आहे, आणि ती स्वतःसाठी नाही. मला घासले नाही तरी चालेल. पण तुमच्या गावात असा फळा असेल, तर त्याच्यापुढे थांबा. काय लिहिले आहे ते वाचा आणि विचारा, हे पैसे गेले कुठे?

तुम्ही थांबलात की मला त्या फळ्याचा फार हेवा वाटेल. वाटू द्या.