ठिपका वर

"काका, यातही काही नाही," मायक्रोस्कोपवरून मान न उचलता बाई म्हणाल्या. "सगळी गेली."

मेणकाकांनी फुटकी कवचं बादलीत टाकली. अंडी उबवायच्या पेटीतला दिवा गेला तेव्हा ते रजेवर होते. बायको गेली म्हणून घरी बसले होते. दिव्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ते कामावर परतले तोवर पालीची अंडी आतल्या आत नासली होती.

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांना मेणकाका म्हणत. पालीच्या पिलाचा पाय मेणाच्या वडीत बसवायचा आणि यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, हे त्यांचं काम. बाई तिथे संशोधन करत; त्यांचा अभ्यास पालीच्या बोटांचा. पाल भिंतीला धरून राहते ती गोंदाने नव्हे. बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात, खिडकीच्या झडपांसारख्या एकावर एक. पट्टीवर डोळ्यांना न दिसणारे केस, त्या केसांनाही फाटे. हे सगळं अंड्यातच तयार होतं. आधी वल्ह्यासारखं नुसतं पाऊल. मग बोटं सुटी होतात. मग पोटाला असतात तसे साधे खवले, त्या खवल्यांच्या पट्ट्या होतात आणि सगळ्यात शेवटी केस. बाईंकडे सगळे टप्पे होते, एक सोडून. पट्ट्या आल्यात पण केस अजून नाहीत, असा पाय त्यांना मिळाला नव्हता.

"संशोधनाची मुदत संपतेय, महिनाअखेर मला ही खोली रिकामी करायची आहे," बाई म्हणाल्या. "आता नवी अंडी मिळाली तरी वाढेपर्यंत थांबणार कोण? एका पायासाठी अडलं बघा सगळं."

मेणकाका हात पुसत राहिले. घरी कपाटावर दोन अंडी होती.

ती बायकोने ठेवलेली. नवीन लग्न झालं तेव्हा पाल दिसली की ती खाटेवर चढून ओरडायची. "लोकांचे नवरे बाहेरून घरात काहीतरी आणतात, आमचे घरातली पाल घेऊन जातात," असं सांगून शेजारणींना हसवायची. पुढे मात्र बाईंच्या कामासाठी फोटोमागे, मीटरच्या पेटीत अंडी तीच शोधू लागली. आतला जीव वाढायला लागल्यावर अंडं उलटं झालं की तो मरतो, हे तिला एकदाच सांगावं लागलं. मग अंडं जागेवर असतानाच ती त्याच्या वरच्या अंगाला पेन्सिलीने ठिपका काढायची, आणि ठिपका वर ठेवूनच ते कापसाच्या डबीत ठेवायची. तिच्या हातचं अंडं सहसा वाया जात नसे.

शेवटची दोन ठेवली त्याच आठवड्यात ती न्हाणीघरात घसरली. डोकं आपटलं. ओल्या काचेवर पालीचंही पाऊल सुटतं, असं बाई कधीतरी म्हणाल्या होत्या. दवाखान्यात न्यायला उचललं तेव्हा ती म्हणाली, "अहो, कपाटावरच्या डबीला कुणाला हात लावू देऊ नका." वाटेत शुद्ध गेली ती परत आली नाही.

त्या अंड्यांचं वय काढायला मेणकाकांना कॅलेंडर लागत नव्हतं. बाईंना हवं होतं नेमकं तेच वय.

संध्याकाळी घरी आले तर मुलगी आईची खोली आवरत होती. स्टुलावर चढलेली, हातात डबी.

"तिरपी करू नकोस!" ते ओरडले.

"नाही करत. माहीत आहे मला, आई किती बोलायची त्यावरून. घ्या."

त्यांनी बॅटरी लावून अंडी पाहिली. एक काळवंडलेलं, मेलेलं; ते त्यांनी काढून टाकलं. दुसऱ्यात लाल शिरांचं जाळं होतं. त्यात काहीतरी हललं.

"बाबा, जिवंत आहे हे!" मुलगी वाकून बघू लागली. "कधी येईल बाहेर?"

"नाही येणार. उद्या बाईंना देतोय."

ती सरळ उभी राहिली. "आईने ठेवलेली शेवटची गोष्ट आहे ही. आणि तुम्ही चिरणार?"

"मग कशाला ठेवली होती तिने? पाळायला?"

"तेव्हा ती होती, बाबा."

"अंड्याला काय त्याचं?"

"खरंय. अंड्याला नाही आणि तुम्हालाही नाही," असं म्हणून ती आत गेली. स्वयंपाकघरात भांडी बराच वेळ आपटत होती.

सकाळी ते डबी दोन्ही हातांत धरून चालत गेले. बसमध्ये धक्के बसतात. वाटेत दोनदा थांबले. परत फिरलो तर बाईंना कळणार कुठून? पिलू बाहेर आलं असतं, भिंतीवर चढलं असतं, दिव्यामागे राहिलं असतं. तेवढीच घरात हालचाल.

"कुठून मिळालं?" बाईंनी विचारलं.

"घरचं आहे."

बाईंनी ठिपका पाहिला. असे ठिपके त्यांनी चार वर्षं पाहिले होते. "काकूंनी ठेवलेलं? राहू द्या, काका. मला नको."

"नको कसं? अहो, मरता मरता ह्याचीच काळजी करत होती ती. आता दोन दिवसांत केस येतील, मग ना तुमच्या कामाचं, ना तिच्या."

पिलाला गुंगी त्यांनीच दिली, कवचही त्यांनीच कापलं. छातीतला ठोका बराच वेळ दिसत होता. थांबल्यावर त्यांनी चिमट्याने पाय सोडवला आणि काचेवर ठेवला.

बाईंनी पाहिलं. "आल्यात पट्ट्या," त्या हळूच म्हणाल्या. "केस नाहीत. हाच तो, काका. बघता?"

त्यांनी वाकून पाहिलं. पाचही बोटं पसरलेली, पट्ट्या रेखीव. अजून कशालाही न चिकटलेलं पाऊल. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मेण तापत ठेवायला गेले.

घरी गेले तर मुलगी दारातच होती. त्यांनी डबी पुढे केली. तिने झाकण उघडलं. कापसावर अर्धं कवच होतं, रिकामं. ठिपका वर.

तिने झाकण लावलं, स्टूल ओढलं आणि डबी जराही तिरपी होऊ न देता कपाटावर होती तिथे ठेवली.