सणाचं आमंत्रण

विदोसावाच्या मते बीन्ससाठी कांदा कसा चिरायचा हे ज्या बाईला कळत नाही, तिने चुलीपाशी उभंच राहू नये. तिची धाकटी जाऊ बोयाना मात्र नोवी सादहून सकाळीच येऊन उभी होती, नखांना रंग, कमरेला कोरा करकरीत एप्रन, आणि कांद्याच्या फोडी अशा की गुरांपुढे टाकाव्यात. सोबत केकचा खोका आणला होता. त्यावर दुकानदाराने ‘उपासाचा’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. उपासाला चालतं की नाही हे चिठ्ठी वाचून ठरवणारी माणसं. विदोसावाने तो खोका बाहेर जिन्याखाली ठेवला. थंडीत टिकेल, म्हणाली.

संत निकोला हा त्या कुळाचा संत. त्याची स्लावा, म्हणजे कुळसंताचा घरगुती सण, दर वर्षी नाताळच्या आधीच्या उपासातच येते, म्हणून दूध नाही, अंडं नाही, चरबी नाही. मासा तेवढा चालतो. एकतीस वर्षं हा स्वयंपाक विदोसावाने एकटीने काढला होता. आदल्या दिवशी गहू शिजवून, अक्रोड घालून वाटून ठेवलेले. आंबवलेल्या कोबीच्या पानांत भाताचं सारण भरून पातेलं मंद आचेवर. कार्प मासे पिठात घोळवून ती एकेक तेलात सोडत होती आणि जावेला एकालाही हात लावू देत नव्हती.

यंदा तिला जास्तच जोर चढला होता. सासरे क्रस्मान चौऱ्याऐंशीचे झाले होते आणि त्यांनी सांगून ठेवलं होतं, की आज सणाचा पाव मोडला की स्लावा एका मुलाच्या हवाली करणार. ज्याच्या हातात पावाचा अर्धा भाग, त्याच्या घरी यापुढे संताची तसबीर, त्याच्या दाराशी लोक. थोरला रादोये, विदोसावाचा नवरा. धाकटा स्रेतेन, शहरात दातांचा डॉक्टर. यात विचार करण्यासारखं काय होतं? एकतीस वर्षं मासे हिने तळायचे आणि सण बोयानाने न्यायचा? आयत्या बिळावर नागोबा.

रादोये कोपऱ्यात बसून आलुबुखाऱ्याची दारू बाटल्यांत भरत होता. या माणसाकडून एकतीस वर्षांत एक धड वाक्य ऐकायला मिळालं नाही, असं विदोसावा कोणालाही सांगायची, त्याच्या देखतही. तो सांडत होता. ती त्याला बोलली. त्याने फडकं घेऊन पुसलं.

“किती पानं मांडू, जाऊबाई?” बोयानाने विचारलं. “मी फोन केले त्यातले पंचवीस तरी येतो म्हणालेत.”

विदोसावाच्या हातातला झारा तसाच राहिला. “कसले फोन?”

“आजचे. या म्हणून.”

स्लावाला बोलवत नाहीत. हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ज्याला घर आठवतं तो येतो. आमंत्रण देणं म्हणजे पाहुण्याला सांगणं, की तू विसरलास, आणि घराने कबूल करणं, की आम्हाला कोणी विचारत नाही. विदोसावा हसली, आणि तशीच हसत सासऱ्यांच्या खोलीत जाऊन सगळं मीठमसाला लावून सांगून आली. सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला वाटलं, संतापले म्हातारबुवा. आता स्लावा आपल्याच घरी राहते. शिकलेली सून आणि अक्कल खुंटीला टांगलेली. तिने उरलेले मासे गुणगुणत तळले.

दुपारी माणसं आली. दाराशी क्रुसाची खूण करून, गव्हाचा एक चमचा तोंडात घालून एकेक आत बसला. सव्वीस. विदोसावाने प्रत्येकाचं तिच्या पद्धतीने स्वागत केलं. एकीला म्हणाली, कोट तोच का, मागच्या मयताला होता तो? शेजारच्या ओब्रेनला म्हणाली, बऱ्याच दिवसांनी भूक लागलेली दिसते. स्वतःवरच खूश होऊन ती हसली.

सगळे बसल्यावर ती परातीसह दारात उभी राहिली. “मंडळी, यंदा लग्नासारखी आमंत्रणं गेली तुम्हाला, तेवढं माफ करा. आमची जाऊ शहरातली आहे. तिला वाटतं स्लावाला माणसं फोन करून गोळा करावी लागतात.”

कोणी हसलं नाही. बोयाना लाल झाली आणि ताटाकडे बघत राहिली. ओब्रेनने काटा खाली ठेवला.

“फोन आला नसता तर मी आलो नसतो, विदोसावा. चार वर्षं येत नाही मी. तुझ्या लक्षात तरी आलं का?”

“गुडघे दुखतात ना तुझे?”

“गुडघे ठणठणीत आहेत. माझी बायको दुसरा मासा घ्यायला गेली तेव्हा तू भर पंगतीत म्हणालीस, की घरी चूल पेटत नाही वाटतं. तेव्हापासून तिने हा उंबरा ओलांडला नाही. आजही ती घरीच आहे.”

विदोसावाने इतरांकडे पाहिलं, कोणीतरी त्याला गप्प करेल म्हणून. कोटवाली बाई मिठाची वाटी उगाचच सरळ करत होती. मागच्या वर्षी पानावर सात जण होते, त्यातले चार घरचेच. लोक कंजूष झालेत, रस्त्यावर बर्फ आहे, असं विदोसावाने तेव्हा ठरवून टाकलं होतं.

क्रस्मान काठी टेकत उठले. दोन्ही मुलांनी पावाला हात लावला, तिघांनी तो फिरवला, वर आडवी-उभी वाइन ओतली आणि मोडला. म्हाताऱ्याने अर्धा भाग उचलून स्रेतेनच्या हातात दिला. “तुझ्या घरी,” एवढंच म्हणाले.

विदोसावा स्वयंपाकघरात निघून आली. थोड्या वेळाने रादोये रिकामी परात घेऊन आला. ती त्याच्यावर तुटून पडली. बाप तुझा, थोरला तू, एकतीस वर्षं मी इथे तेलात हात भाजले, आणि तू गप्प उभा? निदान एकदा तरी तोंड उघडायचंस.

“उघडलं होतं,” रादोये म्हणाला. “बाबांना मीच म्हणालो, स्रेतेनला द्या. बोयानाला फोनचे नंबरही मीच दिले.”

“का?”

“वर्षातून एक दिवस तरी माणसांत बसावं म्हणतो.”

त्याने परातीत मासे वाढून घेतले, सगळ्यात मोठे वर ठेवले. तिने तोंड उघडलं. त्याला बोलायचं ते सगळं ती या एकतीस वर्षांत बोलून चुकली होती. बाहेर कोणीतरी रादोयेला हाक मारली, तसा तो परात घेऊन गेला.