पोटातलं भिंग

मी एक जुना नमुना आहे. विमानाचा, खरं विमान नव्हे. विमानं बनवणाऱ्या कंपनीच्या दर्शनी दालनात, काचेच्या कपाटात, पोटात दांडी खुपसून मला नाक वर करून बसवलं आहे. गेली अकरा वर्षं मी निघण्याच्या तयारीत आहे. मित्रांनो, उडता येत नाही याचं मला दुःख नाही. आमच्या घराण्यात कोणीच उडलेलं नाही. माझं दुःख वेगळं आहे आणि ते माझ्या पोटात आहे.

माझा जन्म कंपनीच्या मागच्या अंगाच्या कार्यशाळेतला. पाहुण्यांना दाखवायची विमानं तिथे बनतात, खऱ्याच्या पन्नासाव्या हिश्शाची. साच्यात काचतंतूंचं कापड अंथरलं, त्यावर राळ चोपडली, ती वाळली आणि माझे दोन अर्धे भाग बाहेर निघाले, शेंगेच्या टरफलासारखे पोकळ. ते काढले मिस्त्रींनी. मिस्त्री म्हणजे कार्यशाळेतला शेवटचा शब्द. घड्याळं दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं पितळी कडीचं भिंग त्यांच्याकडे होतं. ते त्यांच्या वडिलांचं. त्यातून माझ्यावरची केसाएवढी चीर दिसली तरी ते स्वतःवरच चिडत. मी त्यांचा लाडका होतो, हे सांगायला आजही बरं वाटतं.

शेजारच्या टेबलावर रंगकाम करणारी ताई बसे. पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा हात सगळ्या कार्यशाळेत तिचा एकटीचाच.

मला जोडायच्या दिवशी मिस्त्रींनी आतली कड शेवटची तपासली आणि कडांना राळ लावायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून भिंग माझ्या पोटात ठेवलं. राळ लावून होतेय तोच साहेबांचं बोलावणं आलं. परत आले ते घाईतच. राळ सुकायला लागली होती. त्यांनी दोन्ही भाग जुळवले आणि शिकंजे आवळले. आत अंधार झाला. भिंग ओल्या राळेच्या थेंबात रुतून बसलं.

दुपारी शोधाशोध सुरू झाली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा. खण उपसले, टेबलं सरकवली. मग मिस्त्री ताईच्या टेबलाकडे बघत उभे राहिले.

ताई म्हणाली, "मिस्त्री, मनात आहे ते बोला."

"इथे तुझ्याशिवाय कोण बसतं?"

"मग माझी पिशवी बघा."

तिला वाटलं असेल, ते बघणार नाहीत. त्यांनी चौदा जणांदेखत पिशवी उलटी केली. डबा पडला, फणी पडली आणि शिवायला आणलेला मुलीचा एक मोजा पडला. सगळ्यांनी माना आपापल्या कामात घातल्या. ताईने सगळं गोळा केलं, पण मोजा टेबलाखाली गेला होता, तो तिला वाकून काढावा लागला. मी शिकंज्यात होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

काम अर्धं टाकायची तिला सवय नव्हती. पुढचे तीन दिवस तिने माझ्या एकशे चार खिडक्या रंगवल्या. तिची बोटं माझ्या पोटावर टेकलेली असत आणि भिंग त्यांच्यापासून पेराएवढ्या अंतरावर. चौथ्या दिवशी ती आली नाही, नंतरही कधी नाही. तपासणीत मला कानाशी धरून हलवलं, तर आवाज नाही. राळेने भिंग घट्ट धरलं होतं. मी पास झालो. साहेबांनी मिस्त्रींची पाठ थोपटली.

पण वर्षं गेली, राळ ठिसूळ झाली आणि एके सकाळी भिंग सुटलं.

मिस्त्री निवृत्त व्हायच्या आठवड्यात मला पुसायला स्वतः आले. पहारेकरी कपाट उघडता उघडता म्हणाला, "रंगवाल्या ताई भेटल्या परवा. विचारत होत्या, भिंग सापडलं का."

मिस्त्रींनी मला उचललं. टक.

त्यांनी मला हळूच दुसऱ्या अंगाला कलतं केलं. टक. पितळेचा आवाज त्यांना कोणी सांगायला नको होता. त्यांनी मला कानाशी धरलं. मला वाटलं, सुटलो. सुटलो आणि ती सुटली.

"काही तुटलंय का?" पहारेकऱ्याने विचारलं.

"जुनं झालंय."

"मग ताईंना काय सांगू?"

मिस्त्रींनी मला परत दांडीवर बसवलं. "सांग, नाही सापडलं."

दुसऱ्या दिवशी काचेवर पाटी आली: कृपया हात लावू नये.

मित्रांनो, तुम्ही शाळेच्या रांगेतून येता, ती पाटी वाचता आणि शहाण्या मुलांसारखे हात मागे घेता. वस्तू जपा, असं आमच्यासारख्यांनी शेवटी सांगायचं असतं. मी नाही सांगणार. मला अकरा वर्षं फार जपलं. तुमच्यातल्या एकाने तरी हट्ट धरावा, कपाट उघडायला लावावं आणि मला एकदा हलवावं. आवाज ऐकून मोठी माणसं म्हणतील, आत काय आहे ते बघायचं तर हे फोडावं लागेल.

त्यांना सांगा, फोडा.