म्हातारा गेला

आक्काचा निरोप सकाळी सव्वासातला आला, तेव्हा सम्राट पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत ओले मोजे चाचपून पाहत होता. तीन दिवस झाले तरी ते वाळत नव्हते. मोबाईलवर दोनच ओळी होत्या. ‘म्हातारा गेला बाबा एकदाचा. आता तरी ये.’

त्यानं मोजे परत दोरीवर टाकले, चिमटे लावले आणि आत जाऊन बायकोला सांगितलं, “आबा गेले.”

अस्मितानं गॅस बंद केला. “अगंबाई! कधी?”

“काल गेले असतील. आक्कानं कळवलंय.”

त्यानं आक्काला फोन लावला. तो बंद होता. पुन्हा लावला, पुन्हा बंद. त्याला बरंच वाटलं. फोन लागला असता तर रडावं लागलं असतं, आणि रडू तर येत नव्हतं.

बापाच्या मरणाचा असा निरोप कुठली लेक धाडते, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही आक्काला ओळखत नाही. ती बापाला समोर आबा म्हणायची आणि माघारी म्हातारा. उचगावला दिलेली ही बाई रोज दुपारी डबा घेऊन कोल्हापुरात गंगावेशीतल्या माहेरी यायची, कारण जूनमध्ये आबा घाटाच्या पायरीवरून घसरले होते आणि तेव्हापासून खाटेला खिळले होते. गेले पंधरा दिवस तिचे निरोप येत होते. ‘म्हातारा लई पिसाळलाय यंदा.’ ‘म्हातारा काय दम खाईना.’ ‘म्हाताऱ्यानं जीव नकोसा केलाय.’ सम्राट प्रत्येक निरोपाला ‘बरं’ एवढंच उत्तर द्यायचा. फारच झालं तर लिहायचा, ‘पाऊस कमी झाला की येतो.’ सहा वर्षं तो हेच लिहीत होता. उन्हाळ्यातसुद्धा.

आबा, म्हणजे पिराजी, मूळचे कोडोलीचे. गंगावेशीत छत्र्या दुरुस्त करायचे. छत्रीवाल्याच्या पोराचं नाव सम्राट, म्हणून शाळेत सगळे हसायचे. आबा म्हणायचे, “हसंनात. डोस्क्यावर छत्र हाय म्हणल्यावर सम्राटच की.”

बापलेकाचं बोलणं तुटलं ते दोन हजार एकोणीसच्या महापुरात. पाणी गल्लीत शिरलं तेव्हा सम्राट पुण्याहून फोनवर ओरडत होता, आईला घेऊन उचगावला जा. आबा हलले नाहीत. भिंतीवर त्यांनी दोन हजार पाचच्या पुराची तांबडी रेघ मारून ठेवली होती. “त्या रेघंच्या वर पाणी येत न्हाय,” म्हणाले. पाणी रेघेच्या वर चार हात गेलं. तिसऱ्या दिवशी दोघांना बोटीतून काढलं. आईला, बनाबाईंना, आधीच दम्याचा त्रास, त्यात दोन रात्री माळ्यावर ओल्यात काढलेल्या. बाराव्या दिवशी त्या गेल्या. स्मशानातून परतताना चार पावण्यांसमोर सम्राट बापाला म्हणाला, “आईला तुम्ही मारलं.” आबा काही बोलले नाहीत. नंतरही कधी बोलले नाहीत, आणि यानंही तो शब्द परत घेतला नाही.

आता घ्यायचा तरी कुणापाशी?

अस्मिता पोरांना घेऊन मागून येणार होती. जाताना ती हळूच म्हणाली, “वाटेत रडून घ्या थोडं. मोकळं वाटेल.” तो “बरं” म्हणाला.

साताऱ्यापर्यंत पाऊस काचेवर सडासडा मारत होता आणि वारा गाडीला बाजूला ढकलत होता. सम्राटनं प्रयत्न करून पाहिला. आबांचे हात आठवले. खांद्यावर बसून पाहिलेला पूर आठवला. काही होईना. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. बाप मेला आणि आपल्याला भूक लागलीय, याचीच त्याला लाज वाटली. कराडला त्यानं मिसळ खाल्ली. संपवलीसुद्धा.

कराड सोडलं आणि ढग फाटले. कोल्हापूरच्या अलीकडे पंचगंगा अजून पात्राबाहेर होती, उसाचे नुसते शेंडे दिसत होते, पण वर लख्ख ऊन पडलं होतं. लोकांनी पुलाच्या कठड्यावर गोधड्या वाळत घातल्या होत्या. शहरात शिरल्यावर त्यानं झेंडूचा मोठा हार घेतला. फुलवाल्यानं विचारलं, “गाडीला का देवाला, पावणं?” सम्राटनं पैसे दिले आणि हार उचलला.

गल्लीत मांडव नव्हता, माणसं नव्हती. उरकून आले की काय, असं त्याच्या मनात आलं. तो हार घेऊन घरापुढे गेला आणि जागच्या जागी थांबला.

ओट्यावर उन्हात खुर्ची टाकून आबा बसले होते. मांडीवर उघडी छत्री, हातात सुई. दुखावलेला पाय शेजारच्या पाटावर ठेवलेला.

आक्का दारातून ओरडली, “आलास व्हय! फोन तरी करायचास की!”

“तुझा... बंद होता.”

“लाइटच न्हाय कालपास्नं. तुला तेवढं लिवलं आन् चार्जिंग संपलं बघ.”

आबांनी मान वर केली. डोळे बारीक करून लेकाकडे पाहिलं. सहा वर्षांनी पहिल्यांदा ते त्याच्याशी बोलले.

“म्हातारा गेला म्हणून आलास व्हय?”

आबांनी सुईनं वर आभाळाकडे दाखवलं.

“गेला बघ काल. चौदा दिवस नुसता गळत हुता. आज आसळका लागला आन् पयल्याच दिवशी ऊन.”

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, मग आसळका. पावसाच्या नक्षत्रांची ही गावाकडची नावं तो पाढ्यांच्या आधी शिकला होता, याच ओट्यावर. तरणा वारा घेऊन येतो आणि छत्रीच्या काड्या मोडतो, म्हातारा थांबत नाही आणि कापड कुजवतो, आबांचा सगळा धंदा या दोघांवर. पंधरा दिवस आक्का पावसाला शिव्या घालत होती आणि हा पुण्यात बसून ‘बरं’ म्हणत होता. कोल्हापूरचा पोरगा आणि म्हातारा कोण ते विसरला!

“व्हय आबा,” तो म्हणाला. “म्हातारा गेला म्हणूनच आलो.”

आक्काचं लक्ष हाराकडे गेलं. तिनं एकदा हाराकडे पाहिलं, एकदा भावाच्या तोंडाकडे, आणि पदर तोंडाला लावून ती आत पळाली.

“हार कुणाला?” आबांनी विचारलं.

“आईला.”

“मग घाल की.”

आत भिंतीवर बनाबाईंचा फोटो होता. सम्राटनं हार घातला. फोटोला तो फारच मोठा झाला, फोटो पार झाकला. हार सारखा करताना त्याचं लक्ष शेजारच्या भिंतीकडे गेलं. पाचच्या पुराची तांबडी रेघ तिथं नव्हती. नुसता चुना निघाला नव्हता, खालच्या विटा दिसेपर्यंत कुणीतरी ती खरवडून काढली होती.

“एकोणीसलाच काढली त्यांनी,” आक्का मागून म्हणाली. “खुरप्यानं. तू पुण्याला गेलास त्याच सांजंला.”

सम्राट बाहेर आला आणि आबांच्या पायाशी ओट्यावर बसला. बोलायचं तेवढं वाटेत जुळवलं होतं, पण ते सगळं मेलेल्या माणसासाठी होतं. जिवंत माणसाला काय म्हणायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

“मी त्या दिवशी जे बोललो...”

“सुईत दोरा ओव,” आबा म्हणाले. “मला दिसंना.”

त्यानं सुई घेतली. तीनदा चुकला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. अस्मिता होती.

“पोचलात? आम्ही निघालोय. कोडोलीच्या लोकांनाही कळवलंय, जीप करून येतायत. किती वाजता नेणार आहेत?”

सम्राटनं आबांकडे पाहिलं. ते उन्हात डोळे मिटून बसले होते. सकाळपासून सुन्न पडलेलं सगळं एकदम जागं झालं, आणि तो रडायला लागला. पोरासारखा, गल्लीला ऐकू जाईल असा.

“अहो, काय झालं?” तिकडून अस्मिता घाबरून विचारत होती.

“म्हातारा गेला गं,” तो हुंदके देत म्हणाला. “आबा हायत.”