कुमाची गाडी

त्या वर्षी सप्टेंबरात पहाटेची बस बंद झाली आणि देसांका जुनी गाडी शोधू लागली. आमच्या डोंगरावरून खाली शहरात, शिवणकारखान्याची सहाची पाळी गाठायला तेवढी एकच बस होती. दोन लेकरं तिच्यासोबत कारखान्याच्या पाळणाघरात जायची, तिसरं पोटात होतं. गाडी नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर दिवसभर सासूच्या चुलीपुढे. कारखान्यात तिला कुणी 'सूनबाई' म्हणत नसे. नावानं हाक मारत.

रविवारच्या गाडीबाजारात एका मास्तरांची जुनी गाडी तिनं हेरून ठेवली होती. पत्र्याची कामं करणाऱ्या तिच्या भावानं ती खालून-वरून तपासलीही होती. पण शनिवारीच रादिसाव येऊन टेकला.

रादिसाव त्यांचा कुम. विटोमिर-देसांकाच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला, दोन्ही लेकरांची नावं त्यानंच ठेवलेली. नातं दोन्हीकडून: तो त्यांचा कुम, तशी देसांका त्याची कुमा. आमच्याकडे म्हणत, वर देव आणि खाली कुम. सख्ख्या भावाशी भांडावं, पण कुमाला 'नाही' म्हणू नये.

"परक्याची गाडी घेणार?" ब्रँडीचा पेला खाली ठेवत तो म्हणाला. "मी काय मेलो की काय? माझी निळी घेऊन जा. दुसऱ्या कुणाला दिली असती तर दीडपट घेतले असते."

"मास्तरांशी बोलणं झालंय," देसांका म्हणाली.

"मग मोडा की! मास्तर काय तुमच्या पोराचं नाव ठेवणार आहेत का, कुमा?"

विटोमिर हसला. ते हसू पाहूनच तिला कळलं, व्यवहार झाला.

दुसऱ्या दिवशी विटोमिरबरोबर रादिसावकडे जाताना तिनं भावाकडून चुंबक मागून घेतला. पत्रा खरा असला तर चुंबक चिकटतो, आपटलेला पत्रा लांबी भरून, रंगवून झाकला असला तर गळून पडतो, एवढं तिला ठाऊक होतं. पुरुष आत बसले असताना तिनं तो हळूच दारापाशी लावला. टणकन खाली पडला. चाकावरच्या पत्र्याला लावला, पडला. तिसऱ्यांदा वाकली तेव्हा समोर रादिसावचे बूट दिसले.

"हे काय गं, कुमा?"

तिनं तोंड उघडायच्या आत विटोमिरनं चुंबक उचलून खिशात घातला. "पोरांचं खेळणं. जिथं तिथं पाडतात बघ."

"पोरं आलीत कुठं?" रादिसाव म्हणाला. विटोमिरनं घाईनं पैसे काढले आणि न मोजताच त्याच्या हातात दिले. रिवाजाप्रमाणे त्यांनी एकमेकांच्या गालांचे तीनदा मुके घेतले.

वाटेत ती एवढंच म्हणाली, "तू पाहिलंस ना?"

"पाहिलं. मग काय करू? कुमाला खोटारडा म्हणू?"

गाडी उताराला छान चाले. चढाला मात्र दोन माणसं झाली की धापा टाकी आणि मागे घसरू लागे. पहिल्याच आठवड्यात तीन संध्याकाळी विटोमिरनं एकट्यानं गाडी वर नेली आणि देसांका आठव्या महिन्याचं पोट घेऊन, धाकट्याला कडेवर आणि मोठीला हाताला धरून अर्धा डोंगर पायी चढली. चौथ्या दिवशी सासूनं दारातच अडवलं. "बास झालं. तो एकटा जाऊ दे गाडीनं, त्याच्या लाकूडगिरणीत कामाला. तू रहा घरी."

गाडी ओढत नाही असं कारखान्यात सांगायची सोय नव्हती, कारण निम्म्या बायका रादिसावच्या गावच्या. बोलणं रात्रीपर्यंत त्याच्या अंगणात पोचलं असतं. तिनं राजीनाम्यात लिहिलं, 'घरगुती कारण'. देखरेखीची बाई चष्म्यावरून बघत राहिली. "देसांका, तुझ्याकडे तर आता गाडी आहे."

"आहे ना," देसांका म्हणाली आणि कात्री जमा केली.

बाळ जन्मल्यावर रादिसाव नाव ठेवायला आला. अंगणातली निळी गाडी पाहून त्यानं तिच्या टपावर थाप मारली.

"चालते ना?"

"झकास चालते, कुम," ती म्हणाली.

"मग नोकरी का गं सोडलीस? एवढी दारात गाडी असताना?"

विटोमिरनं मान खाली घातली. सासू पीठ मळता मळता थांबली.

"मनच लागेना तिथं," देसांका म्हणाली आणि त्याच्यासाठी कॉफी ओतू लागली.