खोलीची शांतता

"लीलाबाई, आता दहा सेकंद तोंड उघडू नका. खोलीची शांतता मशीनमंदी भरून राहिलो."

"शांतता कायले पायजे, देवमनभाऊ? मले मेथी-पालक इकाचा हाये!"

शाळेत अठ्ठावीस वर्षं घंटा वाजवून देवमन निवृत्त झाला आणि अकोल्यातल्या आपल्या दोन खोल्यांपैकी एकीत त्यानं स्टुडिओ थाटला. स्टुडिओ म्हणजे काय, तर भिंतींना गोधड्या, खिडकीत गादी, अमरावतीहून आणलेला जुना माइक आणि भाच्यानं टाकून दिलेला कॉम्प्युटर. पण रुबाब असा, की रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, कुकर बंद, बायकोही बंद. जयंतीची भीमगीतं, लीलाबाईसारख्या भाजीवाल्यांच्या हातगाड्यांच्या आरोळ्या, सगळं तिथंच भरलं जाई.

आधी दहा सेकंद नुसत्या खोलीचा आवाज घ्यायचा. कॉम्प्युटर तो ओळखून ठेवतो आणि पुढच्या रेकॉर्डिंगमधून तेवढा पुसून टाकतो. पण खोली कधी रिकामी नसायची. भांड्यांचा आवाज नको म्हणून त्याची बायको मनकर्णा कामं टाकून कोपऱ्यात येऊन बसायची. तिला दमा होता. तिचा घरघरता श्वास खोलीच्या शांततेत धरला गेला आणि चार वर्षांच्या गाण्यांमधून मशीननं तो इमानदारीनं पुसला. वर, जागा पुरत नाही म्हणून देवमन मूळ रेकॉर्डिंग उडवून टाकायचा.

मनकर्णा जाऊन अकरा महिने झाले होते. अमरावतीची लेक ज्योत्स्ना दर फोनला विचारायची, "बाबा, साऱ्या जगाचा आवाज भरला तुमी. आईचा एखांदा तरी असन ना?" नव्हता. पंखा बंद केला की देवमनला अजूनही कोपऱ्यातून घरघर स्पष्ट ऐकू येई. माइकमध्ये मात्र ती कधीच येत नसे. त्याला त्या खोलीची भीती वाटू लागली होती, आणि खोली सोडवतही नव्हती.

"मांगच्या खेपेले लाइन गेली होती," लीलाबाई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी पुन्ना भरलं आपण. लाइन गेली त्या दिवशी मनकर्णाबाई इथंच बसली होती, नाई का?"

देवमनचा हात थांबला. वीज गेली होती म्हणजे ते काम अर्धवट राहिलं. अर्धवट म्हणून त्यातली घरघर पुसली नाही आणि पुसली नाही म्हणून मूळ फाइल कदाचित उडवलीही नाही. तो एकेक फाइल उघडत गेला. कॉम्प्युटरनं आपणच जपून ठेवलेली, नाव न दिलेली एक सापडली.

आधी घरघर. अगदी तीच. मग मनकर्णाचा आवाज, "अवो, आयकता का, मले..."

त्यावर देवमनचाच आवाज, "चूप!"

पुढे काहीच नव्हतं. श्वासही नव्हता. तिनं तो रोखून धरला होता.

लीलाबाईनं पदर तोंडाला लावला. देवमननं पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं. 'चूप' कापून टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. त्यानं कापलं नाही. फाइल होती तशी ज्योत्स्नाला पाठवली.

थोड्या वेळानं तिचा फोन आला. ती बराच वेळ नुसती रडत होती. मग म्हणाली, "बाबा, पुढं काय म्हणत होती आई?"

"नाई मालूम, माय," देवमन म्हणाला. "मी इचारलंच नाई."